पक्क्यांचं दुमजली विमान

पक्के हे काही त्यांचं आडनाव नव्हे. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत त्यांनी अडतीस वर्षं काढली, आणि त्या अडतीस वर्षांत प्रत्येक नट आवळून झाला की ते "पक्कं" म्हणाले. म्हणायचे स्वतःशीच, पण लिफ्टच्या उभ्या पोकळीत स्वतःशी बोललेलं सहा मजल्यांना ऐकू जातं. नाव पडलं ते पडलंच. शेजारी पक्के म्हणत, साहेब पक्के म्हणत, आणि एकदा तर पगाराच्या पाकिटावरही कुणीतरी तेच लिहिलं होतं.

माणूस नावाला जागणारा होता. दुरुस्त केलेल्या लिफ्टची पहिली फेरी ते एकट्याने मारायचे. तळापासून वरपर्यंत, वरून तळापर्यंत, हात पाठीमागे बांधून. मग खाली उतरून वहीत सही. त्यांची सही झालेल्या लिफ्टमध्ये लोक निर्धास्त शिरत. आता लोक कुठल्याही लिफ्टमध्ये निर्धास्तच शिरतात, सही कुणाची ते कोण बघायला जातंय. पण पक्क्यांना वाटायचं की आपल्या सहीमुळे शिरतात, आणि या वाटण्यावर त्यांची अडतीस वर्षं छान गेली.

छान म्हणजे, शेवटचे दीड महिने सोडून.

निवृत्तीला दीड महिना राहिला असताना एका इमारतीत लिफ्टच्या छपरावर पाना सापडला. आदल्याच दिवशी पक्क्यांनी ती लिफ्ट तपासून सही केली होती. कुणाला काही झालं नाही. पाना बिचारा छपरावर पडून फुकटात खाली-वर करत होता. पण साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "पक्के, आता राहिलेत किती दिवस? सही जरा दुसऱ्याला करू द्या." इतक्या गोडीत सांगितलं की भांडायलाही जागा ठेवली नाही. पुढचे दीड महिने काम पक्के करत, आणि त्याखाली त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला त्यांचा जोडीदार सही करी.

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते भिंतीवर लावलं, आणि समोर बसून त्याच्याकडे बघत राहिले.

बायको हे किती दिवस बघणार? तिचं पार्लर होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि दिवसभर बायकांचा राबता. तीस वर्षं ती त्या खुर्च्यांच्या मागे उभी होती. मागच्या खोलीत नवरा काटे मोजत बसलाय, हे तिच्या स्वभावाला झेपणारं नव्हतं. तिने लेकीला फोन लावला, "बाबांना काहीतरी जोडायला पाठव. मोठं. बरेच दिवस पुरेल असं."

लेकीने पाठवलेला खोका चार फूट लांब होता. आत बाल्साचे तुकडे. हे लाकूड इतकं हलकं असतं की हातात घेतल्यावर आपण काही घेतलंय असं वाटतच नाही. झाकणावर चित्र होतं: रिमोटवर उडणारं विमान, एकावर एक दोन पंख, मध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा.

"दुमजली आहे," बायको म्हणाली.

"दोन मजल्यांना लिफ्ट कोण बसवतं?" असं म्हणून पक्क्यांनी खोका भिंतीशी उभा केला. दोन दिवस तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी घड्याळ बघता बघता नजर तिकडे सरकली, आणि त्यानंतर घड्याळाकडे बघायला त्यांना सव्वा वर्ष फुरसत झाली नाही.

मागची खोली म्हणजे खोली कसली, बोळ. त्यात टेबल भिंतीला चिकटूनच ठेवावं लागे. विमान हळूहळू आकाराला आलं ते शेपूट भिंतीकडे आणि नाक पक्क्यांकडे करून, कारण मोटर, बॅटरी, ज्याला रोज हात लावायचा ते सगळं नाकात. मागच्या बाजूला जायचं म्हणजे भिंतीतूनच जावं लागलं असतं.

पंखांच्या फासळ्यांना गोंद लावला की त्या सुकेपर्यंत दाबून धरायला चिमटे हवेत. ते पार्लरमधून आले. पंखांवर रंगीत, पातळ प्लॅस्टिक चढवून ते गरम करून चिकटवायचं असतं. त्यासाठी केस सरळ करायची इस्त्री आत गेली. राहिलेल्या सुरकुत्या घालवायला केस वाळवायचा ड्रायरही तिच्या मागून गेला.

"अहो, इस्त्री कुठाय? बाई अर्धी सरळ होऊन बसलीये इथे!"

"दहा मिनिटं. खालचा डावा पंख चाललाय."

"तिला सांगू का तसं?"

तेवढ्यात खुर्चीतली बाईच ओरडली, "काका, वरचा झाला का?" म्हणजे विमानाची खबरबात सगळ्या गिऱ्हाइकांना होती. एकीने तर आपल्या टिकल्यांचं पाकीट देऊ केलं, पंखावर नक्षी म्हणून. पक्क्यांनी ते अतिशय गंभीरपणे नाकारलं. वजन वाढतं, म्हणाले.

काही गोष्टी त्यांना न शिकवता आल्या. विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून बघायचं असतं. शेपूट खाली गेलं तर नाकात शिसं घालायचं. लिफ्टच्या पलीकडच्या बाजूला तेवढ्याच तोलाचं वजन लटकत असतं, हे ज्याने जन्मभर केलं त्याला तोल काय सांगायचा? पहिल्या प्रयत्नात त्यांनी शिशाचा तुकडा हातात जोखून लावला, आणि विमान बोटांवर शांत बसलं. "पक्कं."

उडवायला शिकवलं दातांच्या डॉक्टरांनी. शहराबाहेर एका बंद कारखान्यामागे मोकळं माळरान होतं. तिथे रविवारी सकाळी पाच-सहा जण आपापली विमानं घेऊन जमत, आणि त्यांच्यात डॉक्टरांचा शब्द चाले. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांसाठी एक जाडजूड, फोमचं, पडून पडून कोडगं झालेलं विमान होतं, सगळं आधीच जुळवलेलं. त्याच्यावर पक्के आठ महिने शिकले. हात बरा बसला. पण डॉक्टरांचा एक नियम होता: नव्या विमानाचं पहिलं उड्डाण असेल तर ते दुसऱ्याने तपासायचं. "ज्याने बांधलं त्याने तपासायचं नाही. मी माझ्या स्वतःच्या दाढेत कधी हात घातलाय का?"

सगळे हसले. पक्के हसले नाहीत. सही दुसऱ्याला करू द्या, हे त्यांनी आयुष्यात एकदा ऐकलं होतं, ते पुरेसं होतं.

म्हणून त्यांनी वही केली. चौसष्ट कलमं. चाकाच्या खिळीपासून बॅटरीच्या पट्ट्यापर्यंत एकेक गोष्ट लिहिली आणि प्रत्येकीपुढे सही केली. एकसष्टावं कलम पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्यांचं. उजवीकडची पट्टी वर उचलली की विमान उजवीकडे कलतं, डावीकडची उचलली की डावीकडे. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं: रिमोटची दांडी उजवीकडे, उजवी पट्टी वर. पक्के टेबलासमोर उभे राहत, दांडी उजवीकडे ढकलत, आणि त्यांच्या उजव्या हाताची पट्टी पंखामागून डोकं वर काढी. पक्कं. रोज सकाळी, चहाच्या आधी.

हे विमान डॉक्टरांच्या हातात तपासायला द्यायचं नाही, आपण बांधायचं, आपण तपासायचं, आपणच उडवायचं, आणि ते धड वर जाऊन धड खाली आलं की पानाच खोटा पडला, असा त्यांचा मनातला हिशेब होता. असले हिशेब माणूस कुणाला सांगत नाही, कारण सांगितले की लगेच त्यातली भोकं दिसतात.

पार्लरला बुधवारी सुट्टी. बुधवारी माळावर चिटपाखरूही नसतं. एका मंगळवारी संध्याकाळी पक्के बायकोला म्हणाले, "उद्या जरा येशील? शेपूट धरायला."

"कुणाचं?"

"विमानाचं. मोटर चालू केली की पुढे पळतं. मागून कुणीतरी धरावं लागतं."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. रविवारी तिथे धरायला पाच माणसं असतात हे तिला ठाऊक होतं. पण विचारलं नाही. "सतरंजी घेते," एवढंच म्हणाली.

सकाळी माळ रिकामा होता. गवत गुडघ्याखाली, मध्ये विमानं पळवायला रोलर फिरवलेली पट्टी, वारा असून नसल्यासारखा. पक्क्यांनी पंख बसवले, तारा ताणल्या, विमान पट्टीवर ठेवलं. पिवळं आणि निळं. इतकं सुबक की बायकोच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. खोलीत कोंबलेलं असताना तिला ते कधी आख्खं दिसलंच नव्हतं. तिने शेपटीमागे सतरंजी टाकली, मांडी घातली आणि दोन्ही हातांनी शेपूट धरलं. पक्के वही घेऊन नाकासमोर उभे राहिले. मोटरचा खटका बंद ठेवून त्यांनी चौसष्ट कलमं म्हणायला सुरुवात केली. साठ झाली.

"एकसष्ट. उजवी." दांडी ढकलली. "पक्कं."

"डावी," बायको म्हणाली.

"काय?"

"उजवी म्हणालात, आणि उचलली डावी."

"उजवीच आहे." पुन्हा ढकलली. "ही बघ."

"मी बघतेच आहे. माझ्या नाकासमोर आहे. डावी."

"अगं, उजवी कळत नाही का तुला?"

"कुणाची उजवी?"

असा प्रश्न कुणी आजवर विचारलाच नव्हता. लिफ्टच्या धंद्यात डावं-उजवं दारासमोर उभं राहून ठरतं. दार उजवीकडे सरकतं म्हणजे बाहेर उभ्या असलेल्याच्या उजवीकडे. आत कोण आहे, त्याचं तोंड कुठे आहे, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

"हे विमान आहे ना?" बायको म्हणाली. "मग उजवी विमानाची. दुसऱ्या कुणाची असणार? बाई खुर्चीत बसून म्हणते उजवीकडून कमी करा, तेव्हा ती स्वतःच्या उजवीबद्दल बोलत असते. मी समोर जाऊन माझ्या उजवीकडचं कापलं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप!"

"केस वेगळे, हे वेगळं. मी हे तीनशे वेळा तपासलंय."

"तीनशे वेळा. एकाच जागी उभं राहून."

हे तिने रागाने म्हटलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. पक्के विमानाला वळसा घालून मागे आले. ती सरकली. ते खाली बसले; गुडघे कडाकडा वाजले. शेपटीमागून, विमानाचं तोंड जिकडे तिकडेच आपलं तोंड करून, त्यांनी दांडी उजवीकडे ढकलली.

डावी पट्टी वर आली.

पुन्हा ढकलली. पुन्हा डावी. शेपटीचं उभं सुकाणूही तसंच, उजवीकडे म्हटलं की डावीकडे. शेपटीची आडवी पट्टी तेवढी बरोबर होती, कारण वर म्हणजे कुठूनही बघा, वरच. लिफ्टवाल्याचं वर-खाली कधी चुकणार नव्हतं.

"उडालं असतं तर?" बायकोने विचारलं.

"एक पंख पडायला लागला असता. मी सावरायला गेलो असतो, आणि तो आणखी पडला असता. जितकं सावरीन तितकं." त्यांनी गवताकडे पाहिलं. "तीन-चार सेकंद. सव्वा वर्षाचं काम."

पक्के विमानाच्या पाठीकडे बघत राहिले. ही पाठ त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिली. मग आपली बाजू पार सोडवेना म्हणून म्हणाले, "तरी अगदीच चूक नाही. विमान माझ्याकडे येत असतं, तेव्हा माझी जोडणी बरोबर वाटली असती."

"हो ना. सगळं तुमच्याकडेच येत असतं, असं धरूनच चाललाय तुम्ही."

पक्क्यांना हसू आलं. आलं आणि मध्येच थांबलं. वहीतल्या सह्या त्यांनी अंगठ्याने पुसल्यासारख्या केल्या.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "शेवटी शेवटी, कंपनीत—"

"पाना."

"तुला कसं माहीत?"

"साहेबांची बायको दर महिन्याला माझ्या खुर्चीत असते. खुर्चीत बसलं की माणूस बोलतो. मी मागे उभी, आणि आरशात ती स्वतःलाच बघत असते ना."

"म्हणजे तेव्हापासून?"

"तेव्हापासून. म्हटलं, सांगतील. मग म्हटलं, नाही सांगत तर नाही."

वाऱ्याने वहीचं पान उलटलं. पक्क्यांनी ते हाताने दाबलं. "माझी मोजणी बरोबर होती गं. चौदा हत्यारं वर नेली, चौदा खाली आणली. मोजून. पण तो पाना माझा नव्हताच. जोडीदाराने वर दिला होता, घटकाभर धरायला. मी माझी मोजली."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सही माझी होती."

"ते झालंच. पण सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यालाही बोलले असते. आणि... मला तोपर्यंत वाटत होतं, मी बरोबर मोजलं म्हणजे झालं. आत्ता कळतंय. बरोबर मोजलं होतं. पण उभा कुठे होतो?"

बायकोने शेपूट सोडलं, हात झटकले. तिला अशा बोलण्यात फार वेळ थांबायची सवय नव्हती. "दुरुस्त व्हायला किती महिने?"

"याला? दहा सेकंद." रिमोटच्या पाठीवर एवढेसे खटके होते. त्यांनी दोन उलटे केले. दांडी उजवीकडे, उजवी पट्टी वर. विमानाची उजवी. त्यांचीही, आता. इतके महिने चुकीचं असलेलं दहा सेकंदांत बरोबर झालं, याचा त्यांना थोडा अपमानच वाटला.

त्यांनी खिशातून पेन काढलं, एकसष्टाव्या कलमापुढची स्वतःची सही खोडली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"मी काय करू?"

"सही. तपासलंस तू."

"एका कलमावर? बाकीची त्रेसष्ट?"

"ती झालीत."

"कुठे उभं राहून?" तिने वही ओढून घेतली आणि चष्मा लावला. "मी न बघता सही करणार नाही. चला. एक. चाकाची खिळी. म्हणजे काय, दाखवा."

पाऊण तास लागला. तिने प्रत्येक गोष्ट हाताने हलवून पाहिली. खांबांची तार तिने केसाची बट ओढतात तशी ओढली, पंखाचं प्लॅस्टिक नखाने टिचकी मारून बघितलं. एका कोपऱ्यावर थांबली. "इथे इस्त्री जास्त तापली होती." पक्क्यांनी मान्य केलं. चौसष्टाव्या कलमापुढे सही करून तिने वही मिटली, आणि डॉक्टरांचा नियम आपोआपच पाळला गेला. ज्याने बांधलं त्याने तपासलं नव्हतं.

विमान पट्टीवर दहा-बारा पावलं पळालं आणि काहीच झालं नसल्यासारखं जमिनीवरून सुटलं. लिफ्ट सुटते तेव्हा पोटात काहीतरी खाली राहतं. पक्क्यांच्या पोटात ते राहिलं, आणि ते तर जमिनीवरच उभे होते. आयुष्यभर त्यांनी जे जे वर नेलं होतं ते दोरांना टांगून नेलं होतं. याला वरून कुणी धरलेलं नव्हतं. एक पंख जरासा पडला, त्यांनी अंगठ्याने उचलला. उचलला गेला. वळलं, माळाच्या टोकाला गेलं, पुन्हा वळलं.

मग ते त्यांच्याकडे यायला लागलं.

इथेच शिकाऊ माणूस फसतो. समोरून येणाऱ्या विमानाची उजवी आपल्या डावीकडे असते, आणि अंगठा भलतीकडे जातो. पक्क्यांचा गेला. विमान भसकन कललं. डॉक्टरांनी यावर एक युक्ती सांगितली होती: विमानाकडे पाठ करा, त्याच्याच दिशेला तोंड करा, आणि मान वळवून खांद्यावरून बघा. आठ महिन्यांत पक्क्यांनी ती एकदाही वापरली नव्हती, आपल्या कामाकडे पाठ करून उभं राहायचं म्हणजे काय! आता ते गर्रकन फिरले. समोर बायको.

"इकडे काय बघताय? विमान तिकडे आहे!"

"मी त्याच्या बाजूने बघतोय!" मान वळवून, खांद्यावरून बघत पक्के ओरडले, आणि अंगठा बरोबर बाजूला गेला. विमान सरळ झालं आणि दोघांच्या डोक्यावरून पिवळंधमक निघून गेलं.

पाच मिनिटं उडालं. उतरताना तीन उड्या मारल्या, गवतात नाक खुपसलं आणि नाकावरचा फिरता पंखा मोडला. पंखा दुसरा बसतो. पक्के धावत गेले आणि आधी मागच्या बाजूने वाकून बघू लागले. बायको सतरंजीच्या घड्या घालत होती. घड्या नीट होत नव्हत्या.

त्या रविवारी पक्के विमान घेऊन माळावर गेले. नाकावरचा गवताचा हिरवा डाग डॉक्टरांच्या लगेच नजरेत आला.

"म्हणजे उडवून झालंय? तपासलं कुणी?"

पक्क्यांनी वही पुढे केली. डॉक्टरांनी चौसष्ट सह्या वरून खाली पाहिल्या. "ही कुणाची सही?"

"बायकोची."

"वहिनी? त्यांना विमानातलं काय कळतं?"

"माझी चूक कळली," पक्के म्हणाले, आणि ती काय होती ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुठे उभा होतो तेही. कोणी हसेल म्हणून ते थांबले. कोणी हसलं नाही. दोघेतिघे मात्र गुपचूप आपापल्या विमानांच्या मागे गेले.

डॉक्टरांनी वही मिटून परत दिली. मग गाडीकडे जाऊन आपलं नवं विमान घेऊन आले, लाल, अजून एकदाही न उडालेलं, आणि पट्टीवर ठेवलं. "पक्के, हे बघा जरा. मी बांधलंय, म्हणजे मला तपासता येत नाही. सही तुमची लागेल."

पक्क्यांनी खिशातलं पेन चाचपलं. अडतीस वर्षांच्या सवयीने पाय आधी नाकासमोरच जाऊन उभे राहिले. मग ते हलले, विमानाला वळसा घालून मागे गेले आणि गुडघे वाजवत खाली बसले.

"हं," ते म्हणाले. "द्या उजवी."